वेर्निके-कोर्साकॉफ सिंड्रोम म्हणजे काय?
वेर्निके-कोर्साकॉफ सिंड्रोम हा थायमिन म्हणजेच ब-१ जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे होणारा मेंदूचा विकार आहे. शरीरात थायमिनचा साठा काही आठवडेच पुरतो. सतत दारू पिणाऱ्यांचे जेवण सुटते, शिवाय दारूमुळे थायमिन आतड्यातून नीट शोषले जात नाही.

गोंधळलेपणा, तोल जाणे आणि डोळ्यांच्या हालचाली बिघडणे ही मुख्य लक्षणे १८८१ मध्ये कार्ल वेर्निके यांनी नोंदवली. तिन्ही एकत्र दिसतीलच असे नाही. घरच्यांना ही नशाच वाटते आणि वेळ निघून जातो.

तातडीने शिरेतून थायमिन दिल्यास रुग्ण सावरू शकतो. उशीर झाल्यास स्मृती कायमची बिघडते. नवे लक्षात राहत नाही आणि रुग्ण नकळत खोट्या आठवणी सांगतो. त्यामुळे अशी लक्षणे दिसताच, नशा उतरण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.