कुठे राहावे? सुभेदार रामजींच्या बिऱ्हाडापासून नालासोपाऱ्याच्या चाळीपर्यंत

गेल्या उन्हाळ्यात नालासोपारा पूर्वेच्या आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात एक तरुण कार्यकर्ता बैठक संपल्यावर मागे थांबला. मूळचा माण तालुक्याचा. वसई पूर्वेला एका गोदामात कामाला, चौघांत मिळून भाड्याची खोली. आई-वडील, बायको आणि दोन लेकरे गावी. त्यांना आता आणायचे होते. मोबाइलमध्ये त्याने यादीच केली होती. सातारा : हवा चांगली, पण काम नाही. औरंगाबाद : आपला समाज मोठा, मिलिंद महाविद्यालय आहे, पण उन्हाळा कडक आणि नळाला पाणी रोज नाही. नाशिक : हवा थंड, घरे महाग. वसई-विरार : काम आहे, लोकल आहे, पण हवा दमट आणि वडिलांना दमा. "दादा, वडिलांना इथली हवा मानवेल का?" एवढाच त्याचा प्रश्न होता. पैशाचे काय, असे विचारल्यावर म्हणाला, गावची हाडकी विकतो आणि इथे खोली घेतो. गिऱ्हाईक तयार आहे.

हवेचे उत्तर डॉक्टर देईल. पण त्याच्या त्या यादीत एक रकाना कमी होता, आणि तो रकाना आपल्या समाजाच्या इतिहासाशिवाय भरता येत नाही. म्हणून हा लेख.

शाळेच्या भूगोलात आपण सगळ्यांनी घोकले आहे की महाराष्ट्रात एकच हवामान नाही. कोकणात धो धो पाऊस, सह्याद्री ओलांडला की पर्जन्यछायेचा कोरडा पट्टा, मराठवाड्यात अवर्षण, विदर्भात पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा. परीक्षेत याला गुण मिळतात. पण पडलेल्या पावसाचे पाणी कोण पिणार, हे त्या धड्यात नसते. ते जाणून घ्यायचे असेल तर एका बिऱ्हाडाचा प्रवास पाहावा लागतो. ते बिऱ्हाड सुभेदार रामजी सकपाळ यांचे.

रामजींचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. महूच्या छावणीतून पेन्शन घेऊन निघाल्यावर 1890 च्या दशकात त्यांनी कुटुंब दापोलीला आणले. हिशोब सरळ होता. कोकण आपला मुलूख, दापोलीची हवा इतकी चांगली की इंग्रजांनी तिथे कॅम्प बसवलेला, आणि मुख्य म्हणजे पेन्शनर महार सैनिकांची तिथे वस्ती. 1888 मध्ये 'विटाळ विध्वंसन' लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर याच दापोलीच्या पेन्शनरांपैकी. म्हणजे हवा, पाणी, भाऊबंद सगळे जमत होते. शाळा जमत नव्हती. तिथल्या नगरपालिकेच्या शाळेत आपल्या मुलांना घ्यावे म्हणून या पेन्शनर सैनिकांना सरकारदरबारी अर्ज करावे लागले. ज्यांनी साम्राज्यासाठी बंदूक उचलली त्यांच्या पोरांना व्हरांडा! बाबासाहेबांनी नंतर आपल्या आठवणींत लिहिले आहे की वडील दापोलीत कायमचे राहण्याच्या विचाराने आले होते, पण तो विचार त्यांनी बदलला.

पुढचा मुक्काम सातारा. तिथेही लष्करी छावणी होती आणि रामजींना सरकारी बांधकाम खात्यात नोकरी मिळाली. साताऱ्याची हवा आजही लोक वाखाणतात. याच साताऱ्यात भीमाबाई गेल्या. याच साताऱ्याच्या शाळेत लहान भीमराव घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसत असे, आणि नळाची तोटी शिपायाने सोडली तरच त्याला पाणी मिळत असे. शिपाई नाही तर पाणी नाही. नळ होता, नळाला पाणीही होते.

मग 1901 च्या सुमाराचा तो प्रसंग. तो आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ आहे, पण आम्ही तो हवामानाच्या अंगाने पुन्हा वाचावा असे म्हणतो. रामजी तेव्हा खटाव तालुक्यात रोखपाल होते. कशासाठी? दुष्काळात माणसे हजारोंनी मरत होती, त्यांना काम द्यायला सरकारने तलाव खोदायला घेतला होता, त्या कामावर. उन्हाळ्याच्या सुट्टीत भीमराव, त्यांचे भाऊ आणि भाचे वडिलांकडे निघाले, मसूर स्टेशनवर उतरले. घ्यायला कोणी आले नव्हते. महाराची पोरे आहेत हे कळताच गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, गाडी पोरांनीच हाकायची आणि गाडीवानाने पायी चालायचे, या अटीवर प्रवास झाला. सोबत जेवण होते, पाणी नव्हते. वाटेत एका ठिकाणी थोडे पाणी सापडले, तर ते चिखलाचे आणि जनावरांच्या मलमूत्राने भरलेले. रात्री टोलनाक्यावर मुसलमान असल्याचे सांगूनही पाणी मिळाले नाही. भरलेली शिदोरी तशीच ठेवून लेकरे उपाशी झोपली, कारण पाण्यावाचून घास गिळत नव्हता. बाप दुष्काळग्रस्तांच्या तलावाचा पैसा मोजतो आहे आणि त्याच तालुक्याच्या वाटेवर त्याच्या मुलांना घोटभर पाणी मिळत नाही.

कोणी म्हणेल, खटाव-माण दुष्काळीच, तिथे पाण्याची ओढाताण असणारच. ठीक. मग महाडला चला. माण-खटावच्या पट्ट्यात वर्षाला 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, महाडला 3000 च्या आसपास. सहापट. आणि 20 मार्च 1927 ला हजारोंच्या समुदायाला घेऊन बाबासाहेबांना ओंजळभर पाण्यासाठी तळ्यावर जावे लागले ते महाडला. बोले ठराव 1923 चा, नगरपालिकेनेही तळे कागदावर खुले केलेले, तरी पाणी प्यायलो म्हणून डोकी फुटली आणि नंतर शेण-गोमूत्राने तळे 'शुद्ध' केले गेले. त्या तळ्याचा खटला उच्च न्यायालयात संपायला 17 मार्च 1937 उजाडला. दहा वर्षांत महाडवर किती पाऊस पडून गेला असेल, त्याचा हिशोब वाचकांनी करावा. शिवाय कोकणात खोती होती. जमीन खोताची, विहीर खोताची, आणि जांभ्या खडकात पाणी टिकत नसल्याने चैत्र-वैशाखात विहीर हीच सत्ता. खोती मोडण्यासाठी बाबासाहेबांनी 1937 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात विधेयक आणले ते उगीच नाही.

गावाच्या आत पाहिले तरी हेच. आपला महारवाडा बहुतेक गावांत कुठे असे? वाऱ्याच्या आणि ओढ्याच्या खालच्या अंगाला. गावावरून आलेला वारा आपल्याकडे, गावाने वापरलेले पाणी आपल्याकडे. जातीव्यवस्था हवामान जाणत नव्हती असे कोणी समजू नये. चांगले जाणत होती.

मग आपले पूर्वज उठून गेले का नाहीत? हा प्रश्न शहरात वाढलेली आपलीच मुले आज विचारतात, आणि त्यात थोडा तुच्छतेचा सूर असतो तो आम्हाला खटकतो. वतन हे त्याचे मोठे कारण आहे. महारकीच्या बदल्यात मिळालेला हाडकी-हाडवळ्याचा तुकडा माणसाला गावाशी बांधून ठेवत असे. गाव सोडले तर तुकडा जाणार, तुकडा ठेवला तर रात्री-अपरात्री सरकारी सांगावा घेऊन उन्हापावसात पळायचे. बाबासाहेबांनी 1928 मध्येच या वतनाविरुद्ध विधेयक मांडले. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा झाला 1958 मध्ये, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. जमीन पुन्हा आपल्या नावावर झाली, पण परवानगी आणि नजराण्याशिवाय ती विकता येत नाही. आमच्या त्या तरुणाला जे 'गिऱ्हाईक तयार' होते, ते हा कायदा वळसा घालून साध्या कागदावर व्यवहार करायला तयार होते. असले कागद पुढे कोणाच्या कामी येतात हे आपल्या समाजाने पुरेसे भोगले आहे.

स्थलांतराचा प्रश्न बाबासाहेबांनी एकेका कुटुंबाच्या नशिबावर सोडला नव्हता, हे मात्र आपण विसरलो आहोत. जुलै 1942 च्या नागपूर परिषदेत दलितांच्या स्वतंत्र वसाहतींचा ठराव झाला. 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये तर त्यांनी आराखडाच दिला : वसाहत आयोग नेमा, पडीक सरकारी जमीन त्याच्या ताब्यात द्या, दरवर्षी 5 कोटी रुपये द्या, आणि आमच्या लोकांची नवी गावे वसवा. कुठे राहायचे हे सवर्ण गावाच्या मर्जीवर राहू नये, ही त्यामागची मागणी. ती मान्य झाली नाही. आयोग आला नाही, म्हणून लोकांनी लोकल पकडली.

रामजींनीही शेवटी तेच केले होते. 1904 मध्ये बिऱ्हाड मुंबईत परळला डबक चाळीत आले, पुढे बीआयटी चाळीत. हवा दमट, गिरण्यांचा धूर, खोली अंधारी. दापोली आणि सातारा सोडून यावे असे या हवेत काय होते? एल्फिन्स्टन हायस्कूल होते. आणखी एक गोष्ट. ती बीआयटी चाळ बांधणारा ट्रस्ट 1898 मध्ये निघाला तो 1896 च्या प्लेगमुळे. मुंबईची हवा बिघडली तेव्हा सरकारला गरिबांसाठी खोल्या बांधणे सुचले, आणि तिथल्या एका खोलीत बाबासाहेबांनी अभ्यास केला. शहराने जात मोडली असे आम्ही म्हणत नाही. गिरणीच्या विणकाम खात्यात आपल्या माणसाला घेत नसत, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे. पण फी भरून शाळा मिळाली.

1972 च्या दुष्काळाने मराठवाडा आणि माणदेशातून आणखी माणसे मुंबईकडे ढकलली. 1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या, चाळीतली खोली पुढच्या पिढीला पुरेना, आणि पश्चिम रेल्वेने जो माणूस जितका गरीब तितका उत्तरेला नेऊन सोडला. मीरा रोड, भाईंदर, नायगाव, वसई, नालासोपारा, विरार. 1990 मध्ये इथे सिडको आली, 2009 मध्ये महापालिका झाली, 2011 च्या जनगणनेत तिची लोकसंख्या 12 लाखांवर गेली होती.

आता या जागेची ठेवण समजून घ्या. पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर, पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा. डोंगरावरून येणारे पाणी समुद्राकडे जाते, मध्ये रेल्वेचा बांध आडवा. पाणी जिरवणारी मिठागरे, खाजणे, बागायतीतली बावखले एकामागून एक भरावाखाली गेली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसईच्या लोकांनी याविरुद्ध आवाज उठवला तेव्हा त्यांना विकासाचे शत्रू म्हटले गेले. जुलै 2018 मध्ये रुळांवर पाणी चढून नालासोपाऱ्यात गाड्या उभ्या राहिल्या, मिठागरातली कुटुंबे अडकली. सखल, भरावाची, कागद नसलेली खोली स्वस्त असते, म्हणून ती घ्यायला आपला माणूस पुढे असतो. ओढ्याची खालची बाजू आपल्याला पुन्हा मिळाली, फरक इतकाच की यावेळी आपण तिचे पैसे मोजले. 2025 च्या सुरुवातीपर्यंत नालासोपारा पूर्वेच्या 41 इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशाने पडल्या. ती जागा सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव होती. हजारो माणसे रस्त्यावर आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरारला इमारत कोसळून 17 जण गेले.

आणि नळाचे पाणी? ते बरेचसे सूर्या प्रकल्पाचे, विक्रमगडकडच्या धामणी धरणातून येणारे. त्या धरणाने आदिवासींची घरे उठवली, आणि पालघरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात अजून बायका डोक्यावर हंडे घेऊन फिरतात. आमच्या मोर्चात 'पाणी द्या' म्हणताना आम्ही हे बोलत नाही. बोलले पाहिजे.

सोपाऱ्याच्या स्तूपावर आपण वैशाख पौर्णिमेला जातो. 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींनी इथे अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा आणि स्तूपातला करंडक उजेडात आणला. याच अपरांताशी परंपरेने पुण्ण भिक्खूचे नाव जोडले आहे. सुनापरांतात राहायला जातो असे त्याने भगवंतांना सांगितले. बुद्धांनी तिथला पाऊस, ऊन, वारा काहीच विचारले नाही. तिथली माणसे रागीट आहेत, ती शिवी देतील, दगड मारतील, तेव्हा तू काय करशील, हे विचारले. म्हणजे कुठे राहावे या प्रश्नात पहिला रकाना कोणता, हे या मातीला अडीच हजार वर्षांपासून माहीत आहे.

त्या तरुणाला आम्ही उत्तर दिले नाही, कामे दिली. जमिनीचा सातबारा काढ, हाडकीला हात लावू नकोस. खोली मे महिन्यात बघू नकोस, जुलैत बघ. इमारतीचा नकाशा मंजूर आहे का, भोगवटा प्रमाणपत्र आहे का, पाण्याची जोडणी पालिकेची की टँकरची, हे दलालाला विचारू नकोस, पालिकेत माहिती अधिकाराचा अर्ज टाक. जवळची शाळा कोणती, आणि आडनाव ऐकल्यावर सोसायटीचा चिटणीस काय करतो, तेही बघ.

जुलैत तो आम्हाला घेऊन गेला. ज्या चाळीचा सौदा ठरत आला होता तिच्या जिन्याशी गुडघाभर पाणी होते आणि भिंतीवर, आमच्या छातीच्या उंचीला, जुन्या पुराची काळी रेघ. रंगारी तिच्यावर पिवळा हात मारत होता. तरुणाने मोबाइलवर फोटो काढला. सध्या त्याने विरार पूर्वेला चढावर, शाळेच्या मागे, तिसऱ्या मजल्यावर खोली भाड्याने घेतली आहे. बायको आणि मुले आली. वडील मात्र पावसाळा संपल्यावर येणार आहेत, दम्यामुळे, आणि पेरणी त्यांच्याशिवाय कोणी करत नाही.