हे केलं कसं? – कलादालन, शाळेची पोरं आणि खानापूरची माती

मंडळाच्या बैठकीत वाचलेल्या टिपणाचं हे वाढवलेलं रूप. विषय ऐकून दोघातिघांनी विचारलं होतं, "साहेब, किल्ले आणि शिलालेख सोडून हे काय काढलंत?" त्याचं उत्तर एका लोखंडी ट्रंकेत आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

अनगोळच्या आमच्या जुन्या घरातल्या माळ्यावर थोरल्या काकांची ट्रंक होती. ते गेल्यावर ती माझ्याकडे आली. तिच्यात जमिनीची कागदपत्रं, दोन पंचांगं आणि घडीवर फाटत आलेलं एक प्रमाणपत्र निघालं. इंटरमीजिएट ड्रॉइंग परीक्षेचं, मुंबई सरकारचं. बेळगाव तेव्हा मुंबई राज्यात होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण म्हैसूर राज्यात गेलो, आणि शाळा, बाक, फळा सगळं जागच्या जागी राहून परीक्षा मात्र बदलली. माझं स्वतःचं प्रमाणपत्र कर्नाटकाच्या 'लोअर ग्रेड'चं आहे. गडहिंग्लजला राहणारा माझा आतेभाऊ त्याच सुमारास महाराष्ट्राच्या 'एलिमेंटरी'ला बसला. सुट्टीत आमची भांडणं व्हायची, कुणाची परीक्षा अवघड म्हणून. खरं सांगायचं तर दोन्हीकडं तेच होतं : टेबलावर तांब्या, शेजारी वांगं, मागं घडी घातलेलं कापड. बघा आणि काढा.

पुढं मी इंजिनिअर झालो. उद्यमबागेत, म्हणजे घरापासून चौथ्या रेल्वे गेटाच्या पलीकडं, कास्टिंगच्या धंद्यात तीस वर्षं काढली. तिथं ड्रॉइंग ही रोजची भाषा. पण ड्रॉइंग वाचता येणारा आणि लाकडाचं पॅटर्न हातानं घडवणारा ही दोन वेगळी माणसं असतात, हे मला पॅटर्न शॉपमधल्या मिस्त्रींनी शिकवलं. कागदावर बरोबर दिसणारा कोपरा वाळूतून सुटत नाही. पॅटर्नला उतार द्यावा लागतो, लोखंड थंड होताना आकसतं म्हणून माप थोडं वाढवावं लागतं. ते मिस्त्री ड्रॉइंगकडं बघून आधी हवेत बोटं फिरवायचे. मला तेव्हा हसू यायचं.

आता मूळ विषय. गेल्या हिवाळ्यात आम्ही मंडळातली चार माणसं एका मराठी प्राथमिक शाळेतली सहावी-सातवीची मुलं घेऊन शहरातल्या एका कलादालनात गेलो. शाळेत चित्रकलेचे शिक्षक निवृत्त झाल्यापासून जागा रिकामीच आहे, त्यामुळं मुलांनी परीक्षेचं नावही ऐकलेलं नव्हतं. काकांचं मुंबईचं, माझं कर्नाटकाचं आणि या मुलांचं कुणाचंच नाही, असा हा तीन पिढ्यांचा हिशोब आहे. दालनात शिल्पं होती आणि दर दहा पावलांवर पाटी : कृपया हात लावू नये. पुढच्या रांगेतल्या एका पोरानं पाटी वाचली, मग शिल्पाकडं बघितलं आणि मला म्हणाला, "हात लावायचा न्हाई म्हणतासा, खरं हे केलं कसं?"

(बाहेरगावच्या वाचकांसाठी : आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'.)

या प्रश्नानं मला कामाला लावलं. वस्तू बघण्याची जागा आणि वस्तू करण्याची जागा एकमेकांपासून कधी तुटल्या, हे शोधायला घेतलं, तर आपल्या भागात त्या सुरुवातीला तुटलेल्या नव्हत्याच असं दिसलं.

मुंबईत १८५७ मध्ये जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून कलाशाळा सुरू झाली. उद्देश सुंदर चित्रं काढणं एवढाच नव्हता, कारागीर घडवणं हाही होता. १८६५ मध्ये लॉकवूड किपलिंग तिथं शिल्प आणि मातीकाम शिकवायला आले. (त्याच वर्षी त्यांना मुंबईत मुलगा झाला, तो रुडयार्ड. त्याच्याविषयी इतरांनी पुष्कळ लिहिलंय.) या शाळेच्या विद्यार्थ्यांचे हात शहरभर दिसतात. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची कोरीव दृश्यं किपलिंग यांची, आणि बोरीबंदर स्टेशनावरचे दगडी पानाफुलांचे, प्राण्यांचे नक्षीकाम या शाळेच्या विद्यार्थ्यांनी ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली केलेलं. विद्यार्थ्याचा सराव चालला होता इमारतीवरच.

१८७२ मध्ये भायखळ्याला, राणीच्या बागेत, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम लोकांसाठी उघडलं. १९७५ मध्ये त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव मिळालं. ते मूळचे गोव्याकडचे, वैद्यक आणि प्राचीन लेख दोन्हींत गती असलेले, आणि हे म्युझियम उभं राहावं म्हणून झटलेल्यांपैकी एक. तिथं मला सर्वांत जास्त वेळ थांबवून धरलं ते मातीच्या छोट्या बाहुल्यांनी. निरनिराळ्या जातीजमातींची, धंद्यांची माणसं, पागोट्याच्या पिळासकट. कलाशाळेत घडलेली भांडीही तिथंच मांडलेली आहेत. म्हणजे जे करतात ते आणि जे दाखवतात ते, दोघांचं नातं उघड होतं. ही इमारत बरीच वर्षं दुर्दशेत होती. मोठ्या डागडुजीनंतर २००८ मध्ये ती पुन्हा उघडली, आणि आता तिथं शाळांच्या मुलांसाठी माती, छपाई, चित्र अशा कार्यशाळा होतात. काचेतली बाहुली बघायची आणि मग बाहेर येऊन स्वतःची करायची. माझ्या मते दीडशे वर्षांनी ते म्युझियम आपल्या मूळ स्वभावावर आलंय.

मधल्या काळात काय झालं? परीक्षा आली. ब्रिटिश अमलात सुरू झालेल्या ड्रॉइंगच्या ग्रेड परीक्षांनी गावोगावच्या शाळांत चित्रकला पोचवली, हे मान्य केलंच पाहिजे. काकांसारख्या शेतकऱ्याच्या मुलाच्या हाती ब्रश त्यामुळंच आला. पण परीक्षा म्हटली की तपासता येईल तेच शिकवलं जातं. सरळ रेघ तपासता येते. मातीचा बैल पेपरात बसत नाही, टपालानंही जात नाही.

याला छेद देणारं काम महाराष्ट्रातच झालं, आणि आपल्याकडच्या इतिहासप्रेमींना त्याची फारशी खबर नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. १९४४ मध्ये शांतिनिकेतनच्या कलाभवनात शिकलेले देवी प्रसाद वर्ध्याजवळ सेवाग्रामला आले, गांधीजींच्या नई तालीमच्या शाळेत कला शिकवायला. १९६२ पर्यंत ते तिथं होते. स्वतः कुंभारकाम करणारे. त्यांच्या शिकवण्यात मूल आधी करतं, मग बोलतं. शिक्षकानं मुलाच्या चित्रावर आपली रेघ ओढायची नाही, हा त्यांचा आग्रह. कला हा शिक्षणातला एक तास नसून शिक्षणाचा पाया आहे, हे त्यांनी पुढं पुस्तक लिहून मांडलं.

त्याच काळात न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात व्हिक्टर डी'अमिको नावाचे शिक्षक वेगळ्या वाटेनं तिथंच पोचले होते. १९४२ पासून त्यांनी मुलांसाठी 'आर्ट कार्निव्हल' भरवायला सुरुवात केली. एका दालनात हात लावून हलवायची खेळणी, दुसऱ्यात मुलांच्या उंचीची चित्रफळी, रंग, कागदाचे तुकडे. मोठ्या माणसांना आत मज्जाव! आईबापांनी बाहेर थांबायचं. हा सगळा सरंजाम १९६३ मध्ये भारतातही आला होता. मला हा मज्जाव फार आवडला. आमच्या कार्यशाळेत सर्वांत जास्त अडथळा मोठ्यांनीच आणला, त्यांत मीही आलो.

बेळगावात मात्र कलादालनाच्या आधी माणूस होता. चित्रकार के. बी. कुलकर्णी. बेनन स्मिथ हायस्कूलमधले कलाशिक्षक, आणि 'चित्रमंदिर' ही त्यांची शिकवणीची जागा. व्यक्तिचित्र आणि निसर्गचित्र यांत त्यांचा हात किती पक्का होता हे इथल्या जाणत्यांना सांगायला नको. १९३५ मध्ये बेळगावात जन्मलेले रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी. पुढं परांजपे मुंबई, नैरोबी, पुणे असे फिरले, जाहिरातक्षेत्रात आणि बोधचित्रांत मोठं नाव झालं, २०२२ मध्ये गेले. वरेरकर नाट्य संघाच्या वास्तूत आज के. बीं.च्या नावाचं कलादालन आहे. मोठ्या शहरात संस्था आधी उभी राहते आणि तिच्यात शिक्षक येतात. आपल्याकडं शिक्षक आधी झाला आणि भिंतींना त्याचं नाव नंतर मिळालं. सीमाभागातल्या बऱ्याच गोष्टी अशाच एकेका माणसाच्या खांद्यावर उभ्या आहेत, आणि तो गेला की जागा रिकामी राहते, हे शाळेतल्या त्या शिक्षकांच्या जागेवरून दिसलंच.

नकाशा काढून बघितला तर आणखी एक गंमत दिसते. मुंबईचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय १९९६ चं, बंगळूरचं २००९ चं. बेळगावपासून दोन्ही साधारण पाचशे किलोमीटर. म्हणजे आमच्या पोरांना दोन्ही राजधान्या सारख्याच लांब! छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानं २०१५ पासून बसमध्ये म्युझियम घालून गावोगावी न्यायला सुरुवात केली, हा मला यावरचा शहाणा उपाय वाटतो. ती बस येईपर्यंत आपल्याला आपल्या मातीवर भागवायला हवं.

आणि माती आहे. खानापूर इथून पंचवीस-तीस किलोमीटरवर. तिथल्या मातीची कौलं आणि भांडी प्रसिद्ध, आणि खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही तिथंच आहे. आम्ही दोन पोती मळलेली माती आणली आणि मुलांना घेऊन पुन्हा त्या दालनात गेलो. व्यवस्थापनानं आत माती आणायला नकार दिला, फरशी खराब होते म्हणून. तासभर वाद घालून मागचा व्हरांडा मिळाला, पाण्याच्या दोन बादल्या आपल्या आपण आणायच्या या अटीवर. मला राग आला होता. नंतर वाटलं, व्हरांड्यातच बरं झालं. उजेड चांगला होता, आणि मुलं आरडाओरड करायला मोकळी.

मी इंजिनिअरच्या सवयीनं आधी भाषण केलं : माती वाळताना आकसते, बिडाच्या ओतकामापेक्षा कितीतरी जास्त, आत ओल राहिली तर भाजताना फुटते, पाय बारीक करू नका. कुणी ऐकलं नाही. सगळ्यांनी बैल करायला घेतले होते. मी म्हटलं, आत बघितलेल्या शिल्पांसारखं काहीतरी करा की. तर एक मुलगी म्हणाली, "सर, बेंदराला आम्ही दर वर्षी करतोय की." तिच्या शेजारची, घरी कन्नड बोलणारी, म्हणाली की त्यांच्याकडं मण्णेत्तिन अमावास्येला करतात. दोघींचे बैल शेजारी ठेवले. एकीच्या बैलाला उंच वशिंड, दुसरीच्याला लांब शिंगं. मग त्यांचं आपसात सुरू झालं, कुणाचा बैल बरोबर, म्हणून. मला गडहिंग्लजचा आतेभाऊ आठवला.

मुलांना हे येत होतं. आपल्याला जे येतं त्याचा आत काचेत ठेवलेल्या वस्तूंशी काही संबंध आहे, एवढंच त्यांना माहीत नव्हतं. माती धुऊन झाल्यावर त्यांना परत आत नेलं, तेव्हा ती शिल्पांकडं वेगळ्या नजरेनं बघत होती. एक जण उकिडवा बसून घोड्याच्या पोटाखाली आधार कुठं दिलाय ते शोधत होता. पहिल्या भेटीत 'केलं कसं' विचारणारा तोच पोरगा. त्याला आधार सापडला. मागच्या पायांमध्ये झुडपासारखं काहीतरी केलंय ना, तो शोभेसाठी नाही, वजन पेलायला आहे. तीस वर्षं पॅटर्न बघूनही माझ्या ते लक्षात आलेलं नव्हतं.

बैल शाळेच्या ओसरीवर सावलीत आठ दिवस वाळवले. अकरांचे पाय तडकले, जसं मी सांगितलं होतं तसंच. पण त्या पोराचा उभा राहिला. त्यानं पोटाखाली मातीचा एक गवताचा भारा करून ठेवला होता.

बैल आता माझ्या टेबलावर आहे, काकांच्या प्रमाणपत्राशेजारी. तो भाजायला खानापूरला न्यायचा आहे. पोरगं दर रविवारी गेटाशी येऊन विचारतं, "सर, गेलासा काय?"