असईचा उतार

सायकलवाल्याला उतार हा शब्द फार प्रिय. चढावर घाम गाळला की पलीकडे तो फुकटात मिळतो. पण या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, जो शहरात राहून आपण विसरलो. नदी पायी ओलांडता येते ती जागा म्हणजे उतार. हे दोन्ही उतार मला एकाच दिवशी भेटले, जालना जिल्ह्यात, असईला जाताना.

असई म्हटल्यावर शाळेतलं काही आठवतं का बघा. मला एवढंच आठवत होतं: दुसरं इंग्रज-मराठा युद्ध, असईची लढाई, १८०३, शिंदे-भोसल्यांचा पराभव. परीक्षेत एक मार्काची रिकामी जागा. बस्स.

पावसाळा संपता संपता एका पहाटे जालन्याहून निघालो. राजूरपर्यंत पंचवीसेक किलोमीटर, वाऱ्याची कृपा असेल तर दीड तास. राजूरच्या गणपतीला हात जोडायचे, चहा-पोहे घ्यायचे आणि भोकरदनचा रस्ता धरायचा. हा मुलूख वर्षातले आठ महिने करपलेला असतो. पण पावसाळ्याच्या अखेरीस बघा! मका डोक्याच्या वर गेलेला, कपाशीला बोंडं, मधूनच मिरचीचं हिरवंगार रान. जमीन सपाट वाटते, पण नाही. मोटारीतून कळत नाही, पेडल मारताना मांड्यांना बरोबर कळतं. एक लांबलचक चढ, मग उतार, खाली ओढा किंवा नदी, पुन्हा चढ. सगळं पाणी पूर्णेकडे चाललेलं आणि पूर्णा गोदावरीकडे.

भोकरदन केळना नदीच्या काठी आहे. हे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांत इथली माणसं होती, तिथल्या शिलालेखांत या गावाचं नाव आहे. इटलीतल्या पाँपेईच्या राखेत १९३८ साली हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी साम्य असणारी मूर्ती भोकरदनच्या उत्खननात निघाली. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला, त्याच्या आधीच असा माल सातासमुद्रापार पोचला होता. आता बसस्टँडवर चहा पिताना हे कुणाला सांगायची सोय नाही. असो.

भोकरदनच्या पूर्वेला केळना आणि जुई या दोन नद्या जवळजवळ येत येत एकमेकींना मिळतात. त्या दोघींच्या बेचक्यात, जुईच्या काठी असई. सायकल एका बांधावर टेकवली आणि बाटलीतलं उरलेलं पाणी प्यायलो. मग बरोबर आणलेला नकाशाचा कागद उघडला.

३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह करून इंग्रजांचं संरक्षण घेतलं. दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले यांना ते मान्य होणं शक्यच नव्हतं. यशवंतराव होळकर मात्र बाजूला राहिले. ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने अहमदनगरचा किल्ला घेतला, २ सप्टेंबरला कर्नल स्टीव्हन्सनने जालना घेतलं. २१ सप्टेंबरला दोघे बदनापूरला भेटले. ठरलं असं, की दोन वाटांनी निघायचं आणि २४ ला भोकरदनजवळ एकत्र हल्ला करायचा. पण २३ ला वेलस्लीला कळलं, मराठा फौज भोकरदनला नाही, अगदी जवळ आहे, केळनेच्या पलीकडे. त्याच्याकडे माणसं नऊ-साडेनऊ हजार. समोर दहा हजारांहून जास्त कवायती पायदळ, शंभरच्या आसपास तोफा आणि घोडदळाचा समुद्र. स्टीव्हन्सनची वाट पाहायची की आजच भिडायचं?

समोरून नदी ओलांडणं म्हणजे तोफांच्या तोंडी जाणं. वाटाडे म्हणाले, दुसरीकडे कुठे उतार नाही. वेलस्लीने पूर्वेकडे जाऊन पाहिलं तर नदीच्या अल्याड एक गाव आणि बरोबर समोर पल्याड दुसरं: पिंपळगाव आणि वरूड. त्याने विचार केला, समोरासमोर दोन गावं वसली, म्हणजे येणंजाणं असणार, म्हणजे उतार असणारच. उतार होता. तिथून फौज पार झाली आणि मराठा फौजेच्या बगलेवर आली.

वेलस्लीच्या अकलेची गोष्ट म्हणून ही जगभर सांगितली जाते. तोही म्हातारपणापर्यंत ती सांगत असे. पण मी त्या बांधावर उभा राहून भलताच विचार करत होतो. नदीकाठच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, समोरच्या गावात सोयरीक असते, बैलं पलीकडे चरायला जातात, बाजार पलीकडे असतो. त्या वाटाड्यांना उतार माहीत नव्हता, हे मला पटेना. माहीत होता, पण सांगायचा नव्हता, असं तर नसेल? दोन फौजांच्या मध्ये सापडलेल्या माणसाकडे न बोलण्याखेरीज दुसरं हत्यार तरी काय असतं?

आणि मग दुसरा प्रश्न, जास्त बोचणारा. आपल्या फौजेने त्या उतारावर पहारा का ठेवला नाही?

पुढची लढाई काही तासांची. शिंद्यांच्या पायदळाचा सेनापती अँथनी पोलमन हा हॅनोव्हरचा जर्मन. त्याने आख्खी रांग काटकोनात फिरवून पूर्वेकडे तोंड केलं. कवायत किती पक्की होती ते यावरून कळतं. असई गावासमोर इंग्रजांच्या ७४ व्या हायलँडर पलटणीचे जवळजवळ सगळे अधिकारी मेले किंवा जखमी झाले. शिंदे आणि भोसले मात्र पोलमनवर भिस्त टाकून निघून गेले होते. राहिले ते गोलंदाज. इंग्रजांची रांग तोफांवरून पुढे गेली तेव्हा ते तोफांखाली मेल्यासारखे पडून राहिले. मग उठले, तोफा फिरवल्या आणि इंग्रजांच्या पाठीवर मारा सुरू केला. राजे गेले, पण गोलंदाजांनी तोफ सोडली नाही.

संध्याकाळपर्यंत इंग्रजांचे सुमारे सोळाशे मृत-जखमी, आपले अंदाजे सहा हजार. वर्ष संपण्याआधी देवगाव आणि सुर्जी-अंजनगावचे तह होऊन सगळं आटोपलं.

'आपले' लिहिताना हात जरा अडखळतो. शिंद्यांच्या पलटणींत पुष्कळसे शिपाई उत्तर हिंदुस्थानातले, काही पलटणी बेगम समरूच्या. इंग्रजांकडून लढले त्यांत बहुसंख्य मद्रासी शिपाई, म्हैसूरचे स्वार आणि चक्क पेशव्यांच्या बाजूचे मराठा स्वार. आपण नेमके कोण होतो?

वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, १८१५ साली त्याने वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. तरी लढाईतली तुमची सर्वांत उत्तम कामगिरी कोणती, असं विचारल्यावर तो उत्तरला, असई. त्या लढाईतल्या पलटणींना कंपनीने हत्तीचं मानचिन्ह दिलं. आजच्या भारतीय लष्कराच्या मद्रास रेजिमेंटच्या चिन्हात तोच असईचा हत्ती आहे आणि त्या रेजिमेंटचं केंद्र आहे निलगिरीतल्या वेलिंग्टन गावी! ते सैनिक आज आपलेच, त्यांचा हत्तीही आपलाच. मग तोफेखाली पडून पुन्हा उठलेला गोलंदाज कुणाचा? त्याचं तर नावही उरलं नाही.

परतताना मागच्या चाकात बाभळीचा काटा घुसला. पंक्चर काढत बसलो होतो तेव्हा एक आजोबा थांबले.

"काय बघायला आले होते, पाहुणे?"

"लढाईची जागा, बाबा."

"लढाई व्हय," ते म्हणाले. "मागं लई लोकं मेली म्हणतेत हितं." आणि नदीकडे हात करून म्हणाले, "तिकडून उतार हाय बघा. पाणी कमी असलं की जाता येतंय."

मी विचारलं नव्हतं. त्यांनी आपणहून सांगितलं.