मुक्त संगणक प्रणालींवरील खेळ आणि साउंड ड्रायव्हर

नवी दिल्लीतील कस्तुरबा गांधी मार्गावर संरक्षण मंत्रालयाच्या कार्यालयांचे नवे संकुल आहे. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन १६ सप्टेंबर २०२१ रोजी झाले. याच मंत्रालयाने आपल्या संगणकांसाठी उबुंटूवर आधारित ‘माया’ प्रणाली निवडल्याचे वृत्त ऑगस्ट २०२३ मध्ये आले. सी-डॅकची ‘बॉस’ ही प्रणालीही लिनक्सचीच. कार्यालयीन कामात या प्रणाली आता रुळल्या आहेत. घरच्या संगणकावर खेळ सुरू केला की आवाज न येणे, ही मात्र लिनक्सविषयीची सर्वांत जुनी तक्रार होय.

तिचे मूळ खेळात क्वचितच असते. साउंड कार्ड आणि खेळ यांच्यामध्ये ड्रायव्हर हा दुभाषी असतो. लिनक्सवर प्रथम ‘ओएसएस’ ही ध्वनीव्यवस्था होती. तिच्यात बहुतेक कार्डांवर एका वेळी एकाच प्रोग्रॅमला आवाज मिळे. गाणे चालू असल्यास खेळ मुका राही. यारोस्लाव्ह किसेला यांनी १९९८ मध्ये सुरू केलेली ‘अल्सा’ डिसेंबर २००३ च्या २.६ कर्नलपासून मुख्य व्यवस्था ठरली. अनेक प्रोग्रॅमचे आवाज एकत्र करण्याचे काम पुढे ‘पल्सऑडिओ’ने सांभाळले.

खेळात प्रश्न केवळ आवाज येण्याचा नसतो, तो वेळेवर येण्याचा असतो. सेकंदाला ४८,००० नमुने या गतीने १,०२४ नमुन्यांचा साठा वाजायला सुमारे २१ मिलिसेकंद लागतात. २५६ नमुन्यांना साधारण ५. साठा मोठा ठेवल्यास गोळी आधी दिसते आणि आवाज मागाहून येतो. फार लहान ठेवल्यास आवाज तुटतो. विम टायमन्स यांची ‘पाइपवायर’ हा साठा गरजेनुसार कमी-जास्त करते. फेडोराने २०२१ मध्ये, तर उबुंटूने ऑक्टोबर २०२२ मध्ये ती मुख्य ध्वनीव्यवस्था म्हणून स्वीकारली. व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम डेकवरही तीच आहे.

मालकीहक्काचा अडसर मात्र जुनाच. डिसेंबर १९९७ मध्ये ‘डूम’चा सोर्स कोड खुला झाला तो लिनक्स आवृत्तीचा, डॉस आवृत्तीतील ध्वनी-लायब्ररी परक्या मालकीची असल्याने ती देता येत नव्हती. आज अनेक नव्या लॅपटॉपांत ध्वनीसाठी स्वतंत्र प्रोसेसर असतो आणि त्याला फर्मवेअर लागते. ते नसेल तर ड्रायव्हर असूनही पडद्यावर ‘डमी आउटपुट’ एवढेच दिसते. इंटेलच्या अशा लॅपटॉपांवर ‘साउंड ओपन फर्मवेअर’चे पॅकेज बसवून संगणक पुन्हा सुरू केल्यास बहुधा आवाज येतो. लॅपटॉप घेण्यापूर्वी पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून स्पीकर, हेडफोन आणि माइक तिन्ही तपासणे हिताचे; माइककडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते.