ग्रंथातील मुख्य प्रतिपादन : एका जुन्या वाचनशिस्तीचा इतिहास

संत थॉमस अक्विनास ह्यांच्या ‘सुम्मा थिओलॉजिए’ ह्या ग्रंथाच्या पहिल्या भागातील दुसऱ्या प्रश्नाचे तिसरे कलम उघडले असता, प्रारंभीच देवाच्या अस्तित्वाविरुद्धचे दोन आक्षेप दृष्टीस पडतात. देव अनंत चांगुलपणाचा असता तर वाईटाला जागाच उरली नसती, हा पहिला. निसर्गातील घडामोडींची उपपत्ती निसर्गातून आणि मानवी कृतींची मानवी बुद्धी व इच्छा ह्यांतून लागते, मग देव मानण्याचे प्रयोजन काय, हा दुसरा. हे आक्षेप इतक्या प्रामाणिकपणे मांडले आहेत, की घाईने वाचणारा त्यांनाच ग्रंथकाराचे मत समजेल. अशा समजुतीने प्रवचनासाठी उतारा काढला, तर वाक्य थॉमस ह्यांच्या ग्रंथातले खरे, मत मात्र प्रतिपक्षाचे, असा प्रकार घडतो.

ह्या रचनेचे मूळ बाराव्या शतकातील फ्रान्समध्ये आहे. ११२१ च्या सुमारास पीटर अबेलार्ड ह्यांनी ‘सिक एत नॉन’ म्हणजे ‘होय आणि नाही’ हा संग्रह सिद्ध केला. त्यात १५८ प्रश्न घेऊन प्रत्येकाखाली धर्माचार्यांची परस्परविरोधी वचने दिली आहेत. निर्णय मात्र दिलेला नाही. आमच्या मते संग्रहाहून त्याची प्रस्तावना अधिक मोलाची होय. शब्द कोणत्या अर्थाने योजला आहे, नकलकाराची चूक तर नाही ना, लेखकाने ते मत पुढे मागे घेतले आहे काय, आणि तो स्वतःचे मत सांगत आहे की दुसऱ्याचे, हे तपासावे, असे ते सांगतात.

त्याच दशकाच्या अखेरीस पॅरिसच्या सेंट व्हिक्टर मठातील ह्यूगो ह्यांनी ‘दिदास्कालिकोन’ लिहिला. काय वाचावे, कोणत्या क्रमाने वाचावे आणि कसे वाचावे, हाच त्याचा विषय. विस्ताराने लिहिलेल्या विवेचनाला एखादे मूळ असते. ते शोधून थोडक्यात संकलित करावे व स्मृतीत साठवावे, असे ह्यूगो शिकवतात. ज्या काळी हस्तलिखित ग्रंथ दुर्मिळ होते, त्या काळी हा सल्ला शोभेचा नव्हता. विद्यार्थ्याजवळ उरायचे ते स्मृतीतलेच.

तेराव्या शतकात ही शिस्त ग्रंथाच्या बांधणीतच उतरली. सुम्मेच्या प्रत्येक कलमात आधी आक्षेप, मग उलट बाजूचे एखादे प्रमाणवचन, त्यानंतर थॉमस ह्यांचे स्वतःचे उत्तर आणि शेवटी एकेका आक्षेपाचे निरसन असा क्रम असतो. तेव्हा मुख्य प्रतिपादन हवे असेल तर प्रथम मधल्या उत्तराकडे जावे. परंतु तेथेच थांबणाऱ्याची गफलत होते. वर उल्लेखिलेल्या कलमात प्रसिद्ध पाच मार्ग उत्तरात आले आहेत, पण वाईटाच्या प्रश्नाला थॉमस हात घालतात तो निरसनात, संत ऑगस्टीन ह्यांच्या आधाराने. मूल गमावलेल्या घरी पाळकाला विचारला जातो तो नेमका हाच प्रश्न. पाच मार्ग तेथे कोणी विचारत नाही.

पवित्र शास्त्राच्या बाबतीत मात्र सोयीने थोडे नुकसानही केले. आजची अध्यायांची विभागणी परंपरेने स्टीफन लँग्टन ह्यांच्याकडे, म्हणजे तेराव्या शतकाच्या आरंभाकडे, जाते. नव्या कराराच्या वचनांचे आजचे आकडे रोबेर एस्तिएन ह्यांनी १५५१ मध्ये छापले. त्यामुळे जागा चटकन सापडू लागली, परंतु युक्तिवादाचा धागा तुटण्याची सवयही लागली. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायाच्या आरंभीचे ‘म्हणून’ हे मागील अकरा अध्यायांना जोडणारे आहे. नव्या पानावर ते अधांतरी दिसते.

आपल्या भूमीतही ग्रंथतात्पर्य ठरवण्याचे शास्त्र होते. उपक्रम व उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती ह्या मीमांसकांच्या कसोट्या लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’च्या पहिल्याच प्रकरणात विवरून सांगितल्या आहेत. येथे अभ्यास म्हणजे पठण नव्हे, तर ग्रंथात एखादी गोष्ट पुनःपुन्हा सांगणे. आणि अर्थवाद म्हणजे मुख्य विषयाच्या ओघात आलेले स्तुतिपर वा प्रासंगिक विवेचन. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे कित्येक उपदेश दृष्टांतातील किरकोळ तपशिलावरच उभे राहतात.

उपक्रम आणि उपसंहार ही कसोटी रोमकरांस पत्राला लावून पाहण्यासारखी आहे. पहिल्या अध्यायाच्या पाचव्या वचनात विश्वासाच्या आज्ञापालनाचा उल्लेख येतो, आणि सोळाव्याच्या सव्विसाव्यात तोच पुन्हा येतो. काही प्राचीन हस्तलिखितांत हे अखेरचे स्तवन चौदाव्या अध्यायानंतर आढळते, हे येथे नमूद केले पाहिजे.