फाडलेलीं मुखपृष्ठें

पुस्तकाचें मोल त्याच्या अंतरंगावरून करावें, बहिरंगावरून करूं नये, हा उपदेश आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकलेला आहे. उपदेश खोटा नाहीं. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला कीं, बहिरंगालाही कांहीं इतिहास असतो हें आपण विसरून गेलों. १९४० ते १९६५ या पंचवीस वर्षांत मराठींत कागदी बांधणीचीं जीं असंख्य स्वस्त पुस्तकें निघालीं, त्यांपैकीं बऱ्याच पुस्तकांचा मजकूर शोधल्यास कोठें ना कोठें सांपडतो. ज्या रंगीत चित्रानें तें पुस्तक वाचकाच्या हातीं दिलें, तें चित्र मात्र क्वचितच सांपडतें. हें चित्र गेलें कोठें, आणि तें गेल्यानें आपलें काय गेलें, याचा विचार येथें कर्तव्य आहे.

प्रथम हीं चित्रें काढणारांकडे पाहूं. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगांवकर हीं दोन नांवें त्या काळच्या वाचणाऱ्या घरांत नातलगांच्या नांवांइतकीं परिचित होतीं. दोघेही मूळचे गोमंतकीय. दलाल १९१६ सालीं जन्मले, मुळगांवकर १९१८ सालीं. दोघांनींही मुंबई ही आपली कर्मभूमि केली. दलालांनीं कथाकादंबऱ्यांचीं मुखपृष्ठें रंगविलीं आणि १९४५ पासून 'दीपावली' अंक काढून घरोघर चित्र पोंचविलें. मुळगांवकरांच्या देवदेवता कॅलेंडरांच्या रूपानें भिंतीवर आल्या, आणि त्यांच्याच कुंचल्यांतील नायिका पुस्तकांच्या दर्शनी पानावर बसल्या. दलाल १९७१ सालीं निवर्तले, मुळगांवकर १९७६ सालीं. या दोन नांवांच्या मागें कित्येक चित्रकार असे होते, कीं ज्यांची ओळख मुखपृष्ठाच्या कोपऱ्यांतील एका बारीकशा सहीपलीकडे उरलेली नाहीं. रहस्यकथांचा बाजार याच चित्रांवर उभा होता. एकट्या बाबूराव अर्नाळकरांनीं हजाराहून अधिक पुस्तकें लिहिलीं. झुंजार, काळा पहाड, धनंजय हीं त्यांचीं पात्रें मुलांच्या तोंडीं होतीं. एवढ्या पुस्तकांना तितकींच चित्रेंही लागलीं असलीं पाहिजेत, हें सांगावयास नको.

परदेशांतही हाच काळ स्वस्त पुस्तकांचा होता. इंग्लंडांत १९३५ सालीं पेंग्विन माला सहा पेन्सांस निघाली. तिच्या मुखपृष्ठावर चित्र नव्हतें, केवळ रंगाचे पट्टे होते: कादंबरीस नारिंगी, गुन्हेकथेस हिरवा, चरित्रास निळा. अमेरिकेंत १९३९ पासून पंचवीस सेंटांचीं खिशांत मावणारीं पुस्तकें आलीं, तीं मात्र भडक चित्रें घेऊन आलीं. आज तिकडचे संग्राहक अशा पुस्तकाची किंमत ठरवितांना मजकुराआधीं मुखपृष्ठ पाहतात; त्यास घडी पडली आहे काय, कोपरा दुमडला आहे काय, हें तपासतात. आमच्याकडे त्याच वेळीं तेंच पान रद्दींत जात होतें.

मुंबईंत छापलेलें हें चित्र दूरच्या तालुक्याच्या गांवीं पोंचे, तेव्हां त्यास आणखी एक अर्थ येई. मांजरेच्या खोऱ्यांतील कळंबचेंच उदाहरण घ्या. हें गांव १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. हैदराबादेंत १९१८ सालीं निघालेल्या विद्यापीठाची भाषा उर्दू होती. मराठी घरांत बोलावी आणि मोठें होण्यासाठीं दुसरी भाषा शिकावी, असा तो काळ होता. परंतु शेजारचें बार्शी इंग्रजी मुलखांत होतें. तेथें १८९७ सालीं अडीच फूट रुंदीची लहान आगगाडी आली आणि १९११ सालीं ती निजामी हद्दींतून लातुरास पोंचली. या मार्गावर 'कळंब रोड' नांवाचें स्थानक आहे; स्थानकाच्या नांवांत 'रोड' आला कीं गांव तेथून दूर आहे असें समजावें. मुंबई-पुण्याचें छापील मराठी या बाजूस उतरण्याचा सुगम मार्ग हाच होता.

वाटेंत नाणेंही बदले. पुस्तकावरील किंमत कलदार रुपयांची, आणि कळंबच्या पेठेंत चाले तो हाली सिक्का. सहा कलदार रुपयांस सात हाली रुपये, असा हिशेब असे. म्हणजे बारा आण्यांचें पुस्तक कळंबकरास चौदा आण्यांस पडे. एखाद्या जुन्या मुखपृष्ठावर छापील बारा आण्यांच्या शेजारीं पेन्सिलीनें लिहिलेला चौदाचा आकडा दिसला, तर तो केवळ दुकानदाराचा हिशेब समजूं नये. एक भाषा आणि दोन राज्यें यांमधली सीमा त्या आकड्यांत उमटलेली असते. असा पुरावा कोणत्याही सरकारी दप्तरांत मिळणार नाहीं.

मुखपृष्ठ वाचावयास शिकलें म्हणजे तें पुष्कळ सांगतें. पुष्कळशा स्वस्त पुस्तकांवर सालच नसतें. तेथें किंमत कामास येते. किंमत आण्यांत असेल तर पुस्तक बहुधा १९५७ च्या एप्रिलपूर्वींचें. 'नवे पैसे' असतील तर तेव्हांपासून १९६४ पर्यंतचें. नांवांतील अक्षरांवर अनुच्चारित अनुस्वार असतील तर १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम अद्याप छापखान्यांत रुळलेले नव्हते, असें धरावें. कागद खरखरीत आणि पिंगट असेल तर महायुद्धांतील कागदटंचाई मनांत आणावी. रंगीत चित्रासाठीं प्रत्येक रंगाचा ठोकळा वेगळा असे आणि तोच कागद पुनःपुन्हां यंत्राखालून जाई. त्यांत कागद केसभर सरकला, तर नायिकेच्या ओठांची लाली गालावर उतरे. हा दोष पाहून हंसूं येतें खरें. परंतु दोन आणे वांचविण्यासाठीं घाईनें चालणारा छापखाना त्यांत दिसतो.

असें असतां हीं चित्रें नष्ट कशीं झालीं? त्याचा दोष एकट्या वाळवीवर टाकून चालणार नाहीं. १८६७ सालच्या कायद्यानें इंग्रजी मुलखांतील प्रत्येक पुस्तकाची नोंद सक्तीची केली. पुस्तकाचें नांव, लेखक, मुद्रक, प्रकाशक, पृष्ठें, आकार, प्रतींची संख्या, किंमत, इतकेंच नव्हे तर तें शिळाप्रेसवर छापलें कीं खिळ्यांनीं, हेंही लिहावयाचें असे. सरकारांत द्यावयाच्या प्रतींतील चित्रें उत्तम प्रतींसारखींच रंगविलेलीं असावींत, असाही त्यांत दंडक होता. चित्र कोणी काढलें, याचा रकाना मात्र नव्हता. निजामाच्या राज्यांत तर हा कायदाच लागू नव्हता.

दुसरें कारण अधिक दुःखद आहे, कारण तें पुस्तकांवरील प्रेमांतून उद्भवलें. या पुस्तकांचें मोठें गिऱ्हाईक म्हणजे वाचनालयें. कागदी बांधणीचें पुस्तक पंचवीस हातांतून गेलें कीं खिळखिळें होणार, म्हणून तें आल्याबरोबर बांधणीवाल्याकडे जाई. तो प्रथम मुखपृष्ठ काढून टाकी, दाभणानें भोकें पाडून दोरा ओवी, कडा कापी, आणि खळ लावून वर पुठ्ठा चढवी. पुस्तक आणखी वीस वर्षें जगे. परंतु तें मुखावांचून जगे. ज्यांनीं मराठी पुस्तकें जगविलीं त्यांच्याच हातून त्यांचीं मुखें गेलीं, ही या इतिहासांतील मोठी विसंगति आहे. म्हणून आज पूर्ण पुस्तक सांपडलें तर बहुधा घरांतच सांपडतें: माळवदाच्या घरांतील लोखंडी पेटींत, शाळेच्या पुस्तकांखालीं, वडिलांच्या नजरेआड ठेवलेलें.

येथें कोणी म्हणेल कीं, वडिलांच्या नजरेआड ठेवावीं लागत तीं पुस्तकें जपण्याजोगीं कशीं? या आक्षेपांत तथ्य आहे. पुष्कळ चित्रें सवंग होतीं, कित्येक परकीय नमुन्यांवर बेतलेलीं होतीं, आणि आंत नसलेलें सौंदर्य बाहेर दाखवून गिऱ्हाईक फसविण्याचा व्यवहारही त्यांत होता. आम्ही त्यांस थोर कला म्हणत नाहीं. परंतु इतिहासास केवळ थोर वस्तूच लागतात असें नाहीं. फुटक्या खापरावरूनही नगरी ओळखतां येते. १९४८ नंतर ज्या पिढीनें कळंबसारख्या गांवीं शाळेच्या बाहेरचें मराठी प्रथम स्वतःच्या हौसेनें वाचलें, तिनें त्यावर हात टाकला तो बहुधा पिस्तुल रोखलेल्या काळ्या आकृतीकडे पाहून, समीक्षकाची शिफारस वाचून नव्हे. तें चित्र त्या वाचनाचा उंबरठा होतें. उंबरठा काढून घेतला तर माणसें घरांत कशीं आलीं हें पुढच्यांस कळावयाचें नाहीं.

या धाराशिव जिल्ह्यांत जुनीं घरें आतां वेगानें जात आहेत. १९९३ च्या भूकंपानंतर दगडमातीच्या भिंतींवरचा लोकांचा विश्वास उडाला, आणि तो उडणें रास्तच होतें. परंतु घर पाडतांना पेटी प्रथम रद्दीवाल्याकडे जाते. आमचें मागणें फार मोठें नाहीं. पेटी देण्यापूर्वीं एकदां उघडून पाहावी. मुखपृष्ठ सुटें झालें असेल तर तें पुस्तकांतच ठेवावें. कोपऱ्यांतील सही आणि किंमत एका वहींत उतरून घ्यावी. वाचनालयांनीं नवी बांधणी करतांना जुनें मुखपृष्ठ पुठ्ठ्याच्या आंतल्या बाजूस चिकटवावें, आणि दाखल-नोंदवहींत चित्रकाराच्या नांवाचा एक रकाना वाढवावा. १८६७ सालीं जो रकाना राहून गेला, तो आखावयास एक पट्टी आणि एक पेन्सिल पुरेशी आहे.