शर्त, संकेत आणि तर्खडचे घराणे

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्याची मुख्य कचेरी २०२१ पासून कोळगावला आहे. आणि कोणत्याही मुलकी दप्तराप्रमाणे तेथेही ज्या वाक्यप्रकाराचा राबता अधिक, तो असा, की नवीन शर्तीची जमीन परवानगीवाचून विकल्यास ती सरकारजमा होईल. सरकारचे कर्तव्य घडू शकणाऱ्या गोष्टींशी. जे घडलेच नाही त्याची शर्त कोणी घालीत नाही. ती खातेदाराच्या तोंडी ऐकावी, 'बाप असता, तर जमीन विकू दिली नसती.'

या 'असता'ला मराठी व्याकरण संकेतार्थ म्हणते, आणि मोरो केशव दामल्यांच्या १९११ सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त स्वार्थ, आज्ञार्थ व विध्यर्थ यांच्या पंक्तीला त्याचे पान मांडलेले आहे. परंतु त्याच्याही पाऊणशे वर्षे आधी, १८३६ साली, 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' लिहून मराठीचे पाणिनी म्हणविले गेलेले दादोबा पांडुरंग ज्या घराण्यातले, त्याचे मूळ गाव तर्खड याच जिल्ह्याच्या वसई तालुक्यात आहे. पुढे तर्खडकर हे आडनाव इंग्रजी शिकविणाऱ्या 'भाषांतर पाठमाले'मुळे घरोघर पोचले, इतके की 'तर्खडकर' म्हणजे माणूस नव्हे, पुस्तक, अशी कित्येकांची समजूत असे!

इंग्रजी शिकणारा मराठी विद्यार्थी अडतो तो 'इफ आय वेअर' या ठिकाणी. 'आय'ला 'वॉज' हवे, मग अनेकवचनी 'वेअर' कोठून आले? वस्तुतः ते अनेकवचन नव्हेच. जुन्या इंग्रजीत प्रत्येक क्रियापदाला असलेल्या, आणि प्रत्यय झिजता झिजता लोपलेल्या, संकेतरूपांचा तो अवशेष आहे. विद्यार्थ्याच्या स्वभाषेत तोच व्यवहार डोळ्यांसमोर असतो: 'तो रोज घरी असतो', पण 'तो घरी असता तर', 'ती असते', पण 'ती असती तर'. मात्र 'मी असतो' हे रूप दोन्हीकडे सारखेच राहते, आणि 'आय'पाशीच त्याची चूक होते ती याचमुळे, असा माझा तर्क आहे. 'इफ ही वेअर'पासून धडा आरंभला, तर 'असतो' आणि 'असता' यांतला भेद त्याला आयताच हाताशी मिळेल.

१९२६ साली इंग्रजी कोशकार फाउलरने इंग्रजीतील हा अर्थ, थोडे प्रयोग वगळता, मरणोन्मुख ठरविला. आपल्याकडेही 'पाऊस पडता तर भात पिकता' हे आता आर्ष वाटते; भातखाचराच्या बांधावर उभा असलेला शेतकरीसुद्धा 'पडला असता', 'पिकला असता' असेच म्हणतो. इंग्रजीतला संकेत 'असणे' या अर्थाच्या एका क्रियापदाच्या आश्रयाला गेला, आणि मराठीतलाही बहुतांशी 'असणे'च्याच.